खाडीपलीकडची सर्दी

भागोजीला सर्दी झाली ती नेमकी पोपटीच्या आठवड्यात. एक नाकपुडी पार बंद आणि दुसरी त्याच वाटेवर. एरवी घरात कोणाला सर्दी झाली की दोन रुमाल जास्त धुतले जातात आणि विषय संपतो. पण भागोजीचं नाक त्याच्या एकट्याचं नव्हतं. ते गावाचं नाक होतं.

थंडी पडून वालाच्या शेंगा भरल्या की तळा तालुक्यातल्या या गावात पोपटी लावायचे दिवस येतात. मडक्यात भांबुर्डीचा पाला, त्यावर शेंगा, अंडी, मसाला चोळलेली कोंबडी, ओवा, जाडं मीठ आणि पुन्हा वर पाला. मग मडकं शेतात उपडं घालायचं आणि भोवती पेंढ्याचा, काटक्यांचा जाळ करायचा. इथवर काम कोणालाही जमतं. खरी गोम पुढे आहे. आत काय चाललंय ते दिसत नाही. मडकं लवकर उठवलं तर शेंगा कच्च्या, उशिरा उठवलं तर कोळसा. ती वेळ गावात भागोजी सांगायचा. जाळाच्या वाऱ्याखाली उभा राहायचा, डोळे मिटायचा, लांब श्वास घ्यायचा, आणि पाल्याचा उग्र वास शेंगांच्या वासात मुरला की हात वर करून ओरडायचा, "उठवा!" आपलं एकही मडकं आजवर चुकलेलं नाही असं तो सांगायचा आणि लोक मान डोलवायचे. पुढ्यात गरम पोपटी असताना वाद कोण घालणार?

शिवदास घालायचा. शिवदास हा भागोजीचा बालमित्र, म्हणजे बालपणापासून त्याच्याशी भांडत आलेला माणूस. त्याचं म्हणणं असं की मडक्यावर पाण्याचे चार थेंब शिंपडावेत, चर्र झालं की पोपटी झाली. त्याला नाक कशाला हवं?

"पाणी अंगणात शिंपडतात रे," भागोजी म्हणायचा. "पोपटीला नाक लागतं. ज्याला न्हाय त्यानं पाणी शिंपडावं."

यंदाची पोपटी तर साधीसुधी नव्हतीच. गावातलं आरोग्य उपकेंद्र कामगिरीत तालुक्यात पहिलं आलं होतं, आणि त्या उपकेंद्राच्या मॅडम म्हणजे भागोजीची सून, तेजस्वी. बातमी आली त्या दिवशी भागोजीने ती गावातल्या प्रत्येकाला सांगितली. ज्यांनी ती त्याला सांगितली होती त्यांनाही सांगितली. गावचे लोक तिला डॉक्टरीण म्हणायचे. ती दर वेळी म्हणायची, "अहो, मी डॉक्टर नाही, नर्सिंग केलंय." त्यावर भागोजी मागून म्हणायचा, "ती म्हणतेय तर म्हणू दे. आपण डॉक्टरीणच म्हणायचं."

उपकेंद्राचा सत्कार सरकारी खुर्च्यांवर बसून करायचा हे भागोजीला पटेना. त्याने परस्पर जाहीर करून टाकलं, "शनवारी पोपटी माझ्या शेतात. तालुक्याचं सायब येऊंदेत, डॉक्टर लोक येऊंदेत. मान सुनेचा, नि वास सासरा घेणार!"

आणि बुधवारी नाक बंद झालं.

ही सर्दी कुठून आली याबद्दल भागोजीच्या मनात तिळमात्र शंका नव्हती. शिवदास गेले कित्येक दिवस खोकत होता. तेजस्वी त्याच्या मागे लागली होती, "काका, एकदा येऊन दाखवा, इतका खोकला बरा नाही." पण शिवदास उपकेंद्रावरून जाताना चाल वाढवायचा. संध्याकाळी मात्र शेकोटीवर भागोजीच्या खांद्याला खांदा लावून बसायचा आणि खोकायचा. आता त्याच खोकल्याने भागोजीच्या घशात बिऱ्हाड केलं होतं.

"अवो, अंग तापलंय तुमचं," गोदू म्हणाली. चाळीस वर्षांच्या संसारात तिला नवऱ्याच्या अंगाचा अंदाज होता.

"चुलीपाशी बसलेलो," भागोजी म्हणाला. पण "बसलेलो"च्या शेवटी शिंक आलीच.

"उपकेंद्रात जा की. आळीच्या टोकाला तर हाय. घरची सून हाय."

"म्हणूनच तर!" भागोजीने आवाज खाली आणला. "तुला काय कळतंय? सुई टोचायची म्हणजे कुठं टोचतात? सुनेसमोर सासऱ्यानं कमरेचं सोडून पालथं पडायचं? गावात तोंड दाखवू काय मी?"

गोदूने पदर तोंडाला लावला आणि बराच वेळ तो काढलाच नाही.

भागोजीचं हे दुखणं वरवरचं नव्हतं. त्याच्या लहानपणी गावात महिन्याकाठी एक कंपाउंडर यायचा आणि खोकला असो की खरूज, कमरेतच सुई द्यायचा. तेव्हापासून औषध म्हणजे सुई आणि सुई म्हणजे कंबर हे गणित त्याच्या डोक्यात पक्कं होतं. शिवाय दुसरी अडचण होती. डिसेंबरात तेजस्वीने देवळात म्हाताऱ्याकोताऱ्यांसाठी शिबिर घेतलं, तेव्हा "कान झाका, गरम पाणी प्या, अंगावर काढू नका, बीपी तपासून घ्या" असं ती सगळ्यांना सांगत असताना भागोजी म्हणाला होता, "आजारी पडायचं ते बाकीच्यांनी. मी आजारी पडत न्हाय." आणि खाडीपलीकडचे कोणी डॉक्टर सगळ्यांची छाती तपासायला बसले तेव्हा हा पठ्ठ्या गवत कापायचं निमित्त करून शेतात पळाला होता.

आता शनिवारपर्यंत नाक मोकळं व्हायला हवं होतं, आणि तेही कोणाला न कळता. नाहीतर शिवदास साहेबांच्या देखत तांब्या घेऊन पुढे येणार आणि पाणी शिंपडणार. नुसत्या कल्पनेनेच भागोजीचा ताप चढला.

शुक्रवारी सकाळी तो मफलर गुंडाळून निघाला. "श्रीवर्धनला जातोय," त्याने गोदूला सांगितलं. "तिथं मडकी बरी मिळतात. सायबांच्या पोपटीला जुनं मडकं नको."

"मडक्यासाठी खाडी ओलांडणार?"

"चांगल्या मडक्याला ओलांडावी लागते."

आगरदांड्यापर्यंत तो रिक्षाने गेला, तिथून फेरीबोटीत बसला. खाडीवरचा गार वारा मफलरमधून कानात शिरत होता आणि भागोजी सगळ्या वाटेने शिवदासला शिव्या घालत होता. दिघीला उतरल्यावर टमटममध्ये बसूनही त्याने तेच काम चालू ठेवलं. घराच्या आळीच्या टोकाला जे काम फुकटात झालं असतं त्यासाठी आपण अर्धा दिवस हाडं खिळखिळी करून घेतोय, हा विचार त्याच्या मनात एकदा डोकावला, पण त्याने लगेच कमरेवर हात ठेवला आणि विचार परतवून लावला.

श्रीवर्धनला सुपारीच्या वाडीला लागून एका डॉक्टरांचा दवाखाना होता. भागोजी पाटी बघून आत शिरला. टेबलामागच्या मुलीने विचारलं, "नाव?"

आता आली का पंचाईत! सकाळपासून सगळं ठरवलं होतं, नाव ठरवायचं राहिलं होतं. पण सकाळपासून एकच नाव तोंडात घोळत होतं, तेच बाहेर पडलं.

"शिवदास."

म्हटलं आणि त्याला बरंच वाटलं. सर्दी त्याची, मग नाव त्याचं दिलं तर बिघडलं काय?

"गाव?"

गावाचा प्रश्न येईल हे त्याच्या स्वप्नातही नव्हतं, त्यामुळे गाव त्याने खरं सांगितलं.

डॉक्टर विनेश चाळिशीच्या आतबाहेरचे, हसतमुख होते. त्यांनी घसा पाहिला, छातीला नळी लावली, ताप मोजला, दंडाला पट्टा गुंडाळून बीपी बघितलं.

"द्या डॉक्टर," भागोजी उठून पालथा पडायच्या तयारीत म्हणाला. "कमरेत द्या. तुम्ही परके, तुमच्यापुढं लाज कसली?"

"काय द्या?"

"सुई!"

"सुई कशाला? साधी सर्दी-ताप आहे. साथीचा आहे, चार दिवसांनी आपण होऊन जाईल. या तापाच्या गोळ्या लागतील तेवढ्याच घ्या. वाफ घ्या, कोमट पाणी प्या, झोप काढा. दम लागला, छातीत दुखलं, ताप उतरलाच नाही, तर मात्र वेळ न काढता दाखवायचं."

भागोजीचा चेहरा पडला. "खाडी ओलांडून आलोय हो. एक तरी द्या. छोटी द्या."

"लागत नसताना कशी देऊ? आणि काका, द्यायचीच असती तर दंडात दिली असती."

भागोजीने आपल्याच दंडाकडे बघितलं. दंडात! दंड तर त्याने सुनेसमोर रोज उघडा टाकला होता. घरी तो बंडीतच वावरायचा.

"तुमचं बीपी मात्र जरा वर आहे," डॉक्टर म्हणाले. "ते पुन्हा तपासायला हवं, आणि त्यासाठी इथे यायची काही गरज नाही. तुमच्या गावात उपकेंद्र आहे ना? तेजस्वी मॅडम आहेत तिथे. फार चांगलं काम आहे त्यांचं."

इथे खरं म्हणजे भागोजीने गोळ्या उचलून निघायला हवं होतं. पण परक्या गावचा, परका डॉक्टर आपण होऊन सुनेचं कौतुक करतो म्हटल्यावर त्याच्यातला सासरा खुर्ची ओढून बसला.

"चांगलं म्हणजे? अवो, पावसात पूल बुडाला तेव्हा कमरेएवढ्या पाण्यातून जाऊन बाळंतीण सोडवली तिनं! आमच्याकडची म्हातारी माणसं आता मुंबईच्या पोराला फोन करायच्या आधी तिला फोन करतात. सकाळी भाकऱ्या थापून मग कामाला जाते, आणि भाकरी कशी, तर ताटभर, एकसारखी. तरी मंडणगडाकडची हाय, आमच्यातली न्हाय. कालवणात मीठ जरा जास्त पडतं तिच्या हातून, पण तेवढं चालायचंच. ध्यान कामावर असतं ना बिचारीचं."

बाहेर रोगी खोळंबले होते. डॉक्टर हनुवटीखाली हात घेऊन ऐकत होते. भागोजी मात्र मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटत होता, कारण एवढं बोलूनही "सून" हा शब्द त्याने एकदाही तोंडातून निघू दिला नव्हता.

संध्याकाळी तो नवं मडकं डोक्यावर घेऊन घरी पोहोचला. गोळ्या कोपरीच्या खिशात होत्या. रात्रीच्या जेवणाला तेजस्वीने वाढता वाढता सहज सांगितलं, "आज शिवदासकाकांना घरी विश्रांती घ्यायला सांगून आले."

भागोजीने घास न चावताच गिळला. "का?"

"श्रीवर्धनहून डॉक्टरांचा फोन आला होता. तुमच्या गावचे शिवदास नावाचे गृहस्थ येऊन गेले म्हणाले, ताप आहे, बीपी वर आहे. मग मी लगेच गेले. काका म्हणत होते मी श्रीवर्धनला गेलोच नाही." तिने भागोजीच्या ताटात भात वाढला. "तापात माणूस विसरतो कधी कधी."

"व्हय, व्हय," भागोजी म्हणाला. "शिवदास पहिल्यापासून विसराळू."

"किती दिवस खोकत होते, हाताला लागत नव्हते. आज बरे सापडले. थुंकी तपासायला पाठवलीय. ते येईपर्यंत मास्क लावायचा, माणसांत मिसळायचं नाही. उद्याच्या पोपटीलाही नाही."

एरवी ही बातमी ऐकून भागोजी आनंदाने उठून नाचला असता. तांब्यावाला गेला, मैदान मोकळं झालं. पण त्याला नाचावंसं वाटेना. एक तर शेजारचा चालता-फिरता माणूस आपल्या सर्दीपायी अंथरुणात गेला होता. आणि दुसरं म्हणजे, समोर सुकटीचं कालवण असूनही त्याच्या नाकाला त्याचा पत्ता नव्हता.

"बाबा, तुम्ही रोज काकांशेजारी बसता," तेजस्वी म्हणाली. "खबरदारी म्हणून तुम्हीही वाफ घ्या. गरम पाण्याने गुळण्या करा. आणि उद्या मडकं भरायला तुम्ही हात लावू नका, पोरं भरतील. तुमचा मान वासाचा. तुम्ही लांब उभं राहून फक्त वास घ्यायचा."

"तू म्हणतेस तर घेतो बापडा वाफ," भागोजी उपकार केल्यासारखा म्हणाला, आणि गोधडीखाली शिरून त्याने इतकी वाफ घेतली की गोदूला दुसऱ्यांदा पाणी तापवावं लागलं.

सकाळी ताप उतरला होता. नाक होतं तसंच होतं. त्याने लसूण हुंगून पाहिला, कपड्यांतला कापूर हुंगला, शेवटी गोठ्यात जाऊन उभा राहिला. गोठासुद्धा त्याला धुतल्यासारखा वाटला. आता मात्र त्याचं धाबं दणाणलं. तो तसाच शिवदासच्या अंगणात गेला.

शिवदास पडवीत खाटेवर पडून होता. तोंडाला मास्क, अंगावर दोन कांबळी, उशाला कोमट पाण्याचा तांब्या.

"लांब बस," तो क्षीण आवाजात म्हणाला. "भागोजी, खरं सांग. मी काल श्रीवर्धनला गेलो होतो काय रे?"

भागोजी खांबाकडे बघत म्हणाला, "मला काय म्हायती?"

"बायको म्हणते मी दिवसभर अंगणात सुंभ वळत होतो. डॉक्टर म्हणतात मी तिथं होतो, त्यांच्यापुढं खूप बोललो म्हणे. मला माझाच भरवसा वाटेना झालाय. रातीपासून तापल्यासारखं पण वाटतंय." शिवदासने कांबळं गळ्यापर्यंत ओढलं. "चांगली हाय रे तुझी सून. अर्धा तास छाती तपासत होती. आजवर माझं कोणी इतकं ऐकून घेतलं न्हवतं."

भागोजी दोन पावलं पुढे सरकला. खरं सांगून टाकावं असं ओठापर्यंत आलं. पण ओठांवर येताना त्याचं काहीतरी दुसरंच झालं. "शिवदास, ते तुझं पाणी... ते किती शिंपडतोस रे?"

शिवदासने एक डोळा उघडला. "चार थेंब. का?"

"आपलं इचारलं," भागोजी म्हणाला आणि उठला.

दिवस कलता कलता शेतात माणसं जमली. तालुक्याचे साहेब आले, त्यांच्यासाठी खुर्ची मांडली. भागोजीचा मुलगा रितेश रोह्याच्या कंपनीतून रजा टाकून आला होता. त्याने आणि पोरांनी मडकं भरलं, उपडं घातलं, जाळ केला. भागोजी नव्या धोतरात, फेटा बांधून, ठरल्या जागी उभा होता. तेवढ्यात बांधाशी एक मोटरसायकल थांबली आणि तीवरून डॉक्टर विनेश उतरले.

"बाबा, हे श्रीवर्धनचे डॉक्टर," तेजस्वी लांबून म्हणाली. "डिसेंबरच्या शिबिराला हेच आले होते. तुम्ही तेव्हा गवत कापायला गेला होतात."

भागोजीने मफलर डोळ्यांपर्यंत ओढला आणि तो जाळाच्या पलीकडे, जिथे धूर सगळ्यात दाट होता तिथे जाऊन उभा राहिला. डॉक्टर इकडे आले की तो तिकडे, ते तिकडे गेले की तो इकडे. लोकांना वाटलं वाऱ्याची दिशा बघतोय. एक म्हातारी तर शेजारणीला म्हणाली, "बघ, इतकी वरसं झाली पण कामात हलगर्जी न्हाय."

जाळ बसत आला. बोलणी थांबली. सगळ्यांचे डोळे भागोजीवर खिळले. त्याने डोळे मिटले आणि सगळी ताकद लावून श्वास ओढला.

काहीही आलं नाही. पाला नाही, शेंगा नाहीत, धूरसुद्धा नाही. सुनेचा मान, तालुक्याचे साहेब, सगळं गाव, आणि ज्या नाकाच्या जोरावर हे सगळं बोलावलं त्या नाकाने ऐन वेळी दार लावून घेतलेलं.

"अजून थोडं," तो अंदाजाने म्हणाला.

थोडं झालं. "अजून जरासं," तो म्हणाला. पोरं एकमेकांकडे बघायला लागली. रितेश म्हणाला, "बाबा, एरवी इतका वेळ लागत न्हाय."

मग भागोजीने ते केलं जे त्याने जन्मात केलं नव्हतं. प्यायचं निमित्त करून त्याने तांब्या उचलला, लोकांकडे पाठ केली आणि मडक्यावर पाणी उडवलं. पण चार थेंबांचा अंदाज नव्हता. अर्धा तांब्या निखाऱ्यावर गेला. मडकं, राख, निखारे, सगळंच एकदम चर्र झालं. यातलं पोपटीचं चर्र कोणतं ते ब्रह्मदेवालाही सांगता आलं नसतं.

"भागोजी!" बांधावरून आरोळी आली. "तांब्या घेऊन काय करतोयस तू?"

बांधावर शिवदास उभा होता. तोंडाला मास्क, खांद्यावर कांबळं. सांगितल्याप्रमाणे माणसांपासून लांब, पण घरात राहवलं नव्हतं. भागोजीने दचकून तोंड वळवलं, मफलर घसरला, आणि समोरच डॉक्टर विनेश उभे.

"अरे वा, शिवदासराव!" डॉक्टर म्हणाले. "ताप उतरला का?"

"मी इकडं हाय!" शिवदास बांधावरून ओरडला.

साहेबांनी भागोजीकडे बघितलं, मग शिवदासकडे, मग पुन्हा भागोजीकडे. जाळात काटकी मोडल्याचा आवाजही ऐकू आला. आणि त्या जाळात पोपटी होती, जी प्रत्येक क्षणाला कोळशाच्या जवळ जात होती. भागोजीला तेवढं मात्र नाकाशिवायही कळत होतं.

"मीच तो!" तो ओरडला. "काल शिवदास मी होतो! मला सर्दी झालीये, ताप आलेला, सुनेपुढं सुई घ्यायला लाजलो म्हणून खाडी ओलांडली नि याचं नाव सांगितलं. याला काय झालं न्हाय. नि मला वास येत न्हाय, सकाळपासून शेणाचा पण येत न्हाय! शिवदास, ये, शिंपड बाबा तुझं पाणी!"

"मी तिथं यायचं न्हाय, मॅडमनं सांगितलंय!" शिवदास ओरडला.

"उठवा!"

हा आवाज भागोजीचा नव्हता. सगळे वळले. वाऱ्याखाली, भागोजी दर वर्षी जिथे उभा राहायचा त्या जागी, तेजस्वी उभी होती. डोळे मिटलेले आणि हात वर.

रितेश काठी घेऊन जागच्या जागी थबकला. पोरंही थबकली. मडकं उठवायचा हुकूम आजवर या शेतात दुसऱ्या कोणी दिला नव्हता. सगळे भागोजीच्या तोंडाकडे बघायला लागले. भागोजीने सुनेकडे बघितलं. तिने डोळे उघडले नव्हते. लग्न होऊन आल्यापासून दर थंडीत ती याच बाजूला, आपल्यामागे दोन पावलांवर उभी असायची, हे त्याला आत्ता आठवलं. त्याला वाटायचं, पोर धुराला कंटाळून तिथे उभी राहते.

"बघताय काय?" भागोजी गरजला. "मॅडम सांगतायत ऐकू येत न्हाय? उठवा!"

मडकं उठलं. पाला बाजूला झाला आणि वाफेसरशी जे बाहेर आलं त्याने साहेब खुर्चीतून उठून उभे राहिले. शेंगा हिरव्या त्या हिरव्या, दाणा बोटाने दाबला की सुटणारा. अंड्यांना पाल्याचा रंग चढलेला, कोंबडी हाडावरून उतरणारी. कोणीतरी टाळ्या वाजवल्या, मग सगळ्यांनीच वाजवल्या. भागोजी मात्र टाळ्या वाजवायचं विसरून एकेकाला सांगत सुटला, "बगितलंत? मंडणगडाकडची हाय! त्यांच्याकडं पोपटी न्हाय! न्हाय, तरी बगितलंत ना?" त्याचे डोळे भरून आले होते आणि आज निदान ते धुरावर ढकलता येत होतं.

"तुला कधी कळलं?" गर्दी पांगल्यावर त्याने तिला हळूच विचारलं.

"काल दुपारीच." तेजस्वीने शेंगांची सालं आवरत सांगितलं. "डॉक्टर म्हणाले, शिवदास नावाचे एक गृहस्थ तुमची इतकी स्तुती करत होते की बाहेर रांग लागली. फक्त तुमच्या कालवणात मीठ जास्त पडतं म्हणाले. शिवदासकाका आपल्याकडे कधी जेवलेत, बाबा?"

भागोजीने मफलर पुन्हा वर ओढला. "मग त्याला कशाला झोपवलंस?"

"त्यांचा खोकला खरा होता ना. मी खोटं काही बोलले नाही. डॉक्टर जे म्हणाले तेवढंच त्यांना सांगितलं. एरवी ते मला दारात उभं राहू देत नाहीत, काल मुकाट्याने छाती तपासू दिली." ती हसली. "आणि तुमचं गुपित कळलंय असं सांगितलं असतं, तर तुम्ही वाफ घेतली असती?"

पुढे शिवदासच्या थुंकीत काही निघालं नाही. विडी सोडायची आणि छातीवरचं औषध नेमाने घ्यायचं असं ठरलं. तो बरा झाला, पण भागोजीला त्याने बजावून ठेवलं, "फुडच्या वेळेला आजारी पडलास तर दुसऱ्या कोणाचं तरी नाव सांग."

सोमवारी सकाळी भागोजी उपकेंद्रात गेला. फेटा बांधून गेला. तेजस्वी म्हणाली, "बाबा, आत या," पण तो रांगेतच बसला, आणि रांगेतल्या प्रत्येकाला मुद्दाम सांगत बसला की आपण रांगेत बसलोय. नंबर आल्यावर तिने गंभीर चेहऱ्याने विचारलं, "नाव?"

"भागोजी," तो बाहेरपर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला. "तेजस्वी मॅडमचा सासरा."

तिने घसा पाहिला, बीपी मोजलं, गोळ्यांचं समजावून सांगितलं. भागोजी बाही वर करून दंड पुढे धरून बसला होता.

"हे कशाला?"

"सुई."

"नाही लागत, बाबा."

भागोजी जरा हिरमुसला. इतकी तयारी करून आलेला माणूस होता. पण बाहेर येताच रांगेतल्या एका म्हातारीने विचारलं, "दिली काय रे सुई?" तेव्हा त्याची मान ताठ झाली.

"छ्या! आमची मॅडम उगाच सुई देत न्हाय. कोणाला न्हाय. घरच्या माणसाला पण न्हाय!"

त्या रात्री जेवायला बसताना भागोजीचं नाक उघडलं. आधी चुलीचा धूर आला, मग भाताची वाफ, मग कोलंबीच्या कालवणाचा वास, आणि भागोजीने आनंदाने पहिला घास मोठा घेतला. घास तोंडात फिरवला. पुन्हा फिरवला. त्याने गोदूकडे बघितलं.

"मीठ?"

"बीपीवाल्याला इतकंच," गोदू म्हणाली. "नि तुम्हीच खाडीपलीकडं जाऊन सांगून आलात न्हवं, जास्त पडतं म्हणून?"

तेजस्वी ओगराळं हातात घेऊन उभी होती, ओठ दाबून. भागोजीने एकदा ताटाकडे बघितलं, एकदा सुनेकडे. मग वाटी पुढे केली.

"वाढ अजून," तो म्हणाला. "वास तर झकास सुटलाय."